मनोरा आहे, केंद्र कुठे आहे?

नववी-दहावीच्या वर्गात ‘दूरचित्रवाणी केंद्र म्हणजे काय?’ असे विचारले, तर बहुतेक मुले वहीत एक उंच मनोरा काढतात, त्याच्या टोकाभोवती लहरींच्या दोन-तीन कमानी काढतात आणि शेजारी घराच्या छपरावर अँटेना दाखवतात. चित्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे. मनोऱ्याच्या पायथ्याशी काय असते, तिथे कोण बसते, आणि आज संध्याकाळी सात वाजता काय दाखवायचे हे कोण ठरवते, हे त्या चित्रात येत नाही. मुलांना त्याबद्दल दोष देता येणार नाही. आपल्या देशात दूरचित्रवाणी पसरवणाऱ्यांनीही मोठ्या प्रमाणावर हेच अपुरे चित्र प्रत्यक्षात उतरवले.

२०२२ साली मुंबई दूरदर्शन केंद्राला पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने जुने वृत्तनिवेदक, जुनी नाटके, ‘गजरा’, ‘छायागीत’ आणि ‘आमची माती आमची माणसं’ यांच्या आठवणी पुष्कळ निघाल्या. त्या आठवणी खऱ्या आणि लोभस आहेत. मात्र आठवण काढणे आणि मूल्यमापन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या उपकरणाचे मूल्यमापन करताना आपण विचारतो, की हे कशासाठी बनवले होते आणि ते काम याने किती केले? हाच प्रश्न येथे एका दूरचित्रवाणी केंद्राला विचारायचा आहे. तोही वरळीत उभे राहून नव्हे, तर खाडीपलीकडे तीसेक किलोमीटरवर असलेल्या पनवेलमध्ये उभे राहून.

केंद्राचे तीन अवयव

मूल्यमापनासाठी काहीतरी मोजपट्टी हवी. माझ्या मते कोणत्याही दूरचित्रवाणी केंद्राला तीन अवयव लागतात. पहिला डोळा, म्हणजे कॅमेरा, ध्वनिमुद्रण, स्टुडिओ आणि ते चालवणारी माणसे. दुसरा घसा, म्हणजे प्रक्षेपक आणि मनोरा. तिसरे घड्याळ, म्हणजे दिवसातील ठराविक वेळ स्वतःच्या निर्णयाने वापरण्याचा अधिकार. पहिले दोन अवयव पैसे देऊन विकत घेता येतात. तिसरा विकत मिळत नाही, तो नियमाने द्यावा लागतो. म्हणूनच बहुधा तो विसरला जातो.

देशव्यापी जाळे आणि त्याला जोडलेले स्थानिक केंद्र यांचे नाते नेमके या तिसऱ्या अवयवाभोवती फिरते. जाळे हवेच, यात शंका नाही. एक तासाचे चांगले नाटक किंवा विज्ञानपट बनवायला जो खर्च येतो तो एका गावाने पाहिले तरी तेवढाच आणि हजार गावांनी पाहिले तरी तेवढाच. प्रेक्षक वाढले की दरडोई खर्च कमी होतो. छपाईचेही असेच असते, त्यामुळे शिक्षकांना हे गणित नवे नाही. म्हणून प्रत्येक लहान केंद्राने सर्व काही स्वतः बनवावे असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न इतकाच, की जाळ्याकडून आलेल्या तासांच्या मध्ये स्थानिक केंद्राला स्वतःचे किती मिनिट मिळतात आणि नको ते नाकारण्याचा हक्क त्याला आहे की नाही.

वरळीचा मनोरा, पनवेलचे छप्पर

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याआधी भारतात दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत, १५ सप्टेंबर १९५९ पासून. मुंबई हे देशातील दुसरे केंद्र. वरळीचा पोलादी मनोरा सुमारे ३०० मीटर उंच आहे. ही उंची शोभेसाठी नाही. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पृथ्वीच्या गोलाईमागे गेलेल्या घराला त्या मिळत नाहीत. वातावरणामुळे लहरी किंचित वाकतात हे धरून एक सोपे सूत्र वापरले जाते. मनोऱ्याच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे किलोमीटरमध्ये क्षितिजाचे अंतर मिळते. ३०० चे वर्गमूळ सुमारे १७.३, म्हणून अंतर ७१ किलोमीटर. घरावरची अँटेना ९ मीटर उंचीवर असेल तर तिचे स्वतःचे क्षितिज १२ किलोमीटरहून थोडे जास्त. दोन्हींची बेरीज जवळजवळ ८४ किलोमीटर होते.

पनवेल या वर्तुळात आरामात बसते. मधे बंदराचे पाणी, उरण-उलव्याकडचा सखल भाग आणि खाड्या आहेत. पनवेलच्या कौलांवर आणि गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या अँटेना पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या, त्या यामुळे. साठ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरीची लांबी पाच मीटर असते आणि तिच्या निम्म्या मापाची नळी लागते. त्या काळच्या अँटेना माणसापेक्षा लांब का असत याचे उत्तर एवढेच आहे. पनवेलच्या पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाचा डोंगर उठतो. त्यापलीकडच्या नेरळ-कर्जतच्या भागात मात्र डोंगराची सावली पडते आणि चित्रात ‘मुंग्या’ येतात. घाटावरच्या पुण्याला तर वरळीची लहर थेट पोचणे शक्यच नव्हते. तेथे १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारले गेले. समुद्रसपाटीपासून १३०० मीटरवर असलेल्या सिंहगडाचे क्षितिज, याच सूत्राने, दीडशे किलोमीटरच्या घरात जाते.

अभियांत्रिकी म्हणून हे काम उत्तम होते. डोळाही चांगला होता. सुरुवातीच्या दशकात या केंद्राला स्वतःचे घड्याळही होते. संध्याकाळच्या बहुतेक वेळेत काय दाखवायचे हे वरळीत ठरे. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांना वाटे मिळत. १ एप्रिल १९७६ रोजी दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन ‘दूरदर्शन’ झाली, तरी हा स्थानिकपणा काही काळ टिकला. आकाशानंद यांचा ‘ज्ञानदीप’ हा कार्यक्रम या दृष्टीने मुद्दाम आठवण्यासारखा आहे. त्याच्या प्रेक्षकांनी ठिकठिकाणी ‘ज्ञानदीप मंडळे’ स्थापन केली. पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीवर गावात बोलायचे, काही करायचे आणि ते पुन्हा कार्यक्रमाला कळवायचे, अशी ती उलटी वाट होती. लहरी मुंबईहून बाहेर जात आणि माहिती बाहेरून मुंबईत येई. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत हा उलटा बाण नसतो.

तरीही एक मर्यादा तेव्हाही होती. ८४ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ बावीस हजार चौरस किलोमीटर होते. त्यातला मोठा हिस्सा समुद्राचा, पण उरलेल्यात मुंबईसारखे महानगर आणि शेकडो गावे. एवढ्या वर्तुळासाठी डोळा एकच, तोही वरळीत. अशा केंद्राला पनवेल ‘दिसते’ ते एखाद्या समारंभापुरते किंवा अपघातापुरते. केंद्र मुंबईसाठी स्थानिक होते. पनवेलसाठी ते दुसऱ्या गावचे होते, फक्त जवळचे.

घड्याळ दिल्लीला जाते

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास रंगीत प्रक्षेपण आले आणि नोव्हेंबरात दिल्लीला आशियाई खेळ झाले. रात्री ८.४० नंतरचा, म्हणजे सर्वांत जास्त लोक घरी असतात तो वेळ, आता सर्व केंद्रांनी दिल्लीहून आलेला कार्यक्रम दाखवण्यासाठी राखला गेला. मुंबई केंद्राचा डोळा आणि घसा शाबूत राहिला, पण घड्याळाचा सर्वांत मोलाचा भाग गेला. देशाला एका वेळी एकत्र आणणारे काहीतरी हवे, ही भूमिका अगदीच निराधार नव्हती. माझी तक्रार वेगळी आहे. स्थानिक केंद्राने काय गमावले याचा हिशेब त्या वेळी कोणी मांडला नाही, आणि त्या बदल्यात दुसरी कोणती वेळ कायमची स्थानिक म्हणून राखूनही ठेवली नाही.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कक्षेत गेला आणि १९८४ च्या उत्तरार्धात देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक सुरू होऊ लागला. हे बहुतेक ‘लघुशक्ती प्रक्षेपक’ होते, शक्ती १०० वॅट. म्हणजे जुन्या काळच्या एका मोठ्या दिव्याला लागते तेवढी वीज लहरींच्या रूपाने सर्व दिशांना जाई आणि दहा-पंधरा किलोमीटरवरच्या घरांत चित्र उमटे. यातले विज्ञान मुलांना जरूर सांगावे, कारण ते खरोखर सुंदर आहे. जमिनीवरची बशी उपग्रहाकडून आलेला अतिशय क्षीण संकेत पकडते, त्याची वारंवारता बदलते, तो पुरेसा वाढवते आणि मनोऱ्यावर चढवते.

पण या केंद्राच्या खोलीत गेलात तर काय दिसे? यंत्रांचे रॅक, एक निरीक्षण-पडदा, डिझेल जनरेटर आणि पाळीवर बसलेला तंत्रज्ञ. कॅमेरा नाही. मायक्रोफोन नाही. गावात आग लागली, धरण भरले किंवा शाळा बंद ठेवायची असली, तर तो तंत्रज्ञ आपल्याच गावाला एक वाक्यही सांगू शकत नसे. त्याच्याकडे घसा होता, पण बोलायची सोय नव्हती. सुरुवातीच्या या प्रक्षेपकांवर महाराष्ट्रातल्या अनेक गावांना प्रथम दिसली ती दिल्लीची हिंदी-इंग्रजी दूरचित्रवाणी. मुंबईचे मराठी कार्यक्रम उपग्रहावरून राज्यभर पोचायला त्यानंतर काही वर्षे जावी लागली. दहाव्या वाहिनीची सुरुवात १९९४ ची आणि तिला ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले २००० साली.

या विस्ताराचे मोजमाप ज्या एककात झाले ते लक्षात घ्या. किती टक्के लोकसंख्या ‘आच्छादली’ गेली, हा आकडा दरवर्षी वाढत गेला आणि त्याचे कौतुक झाले. आच्छादन हा शब्द येथे बोलका आहे. लोकांवर काहीतरी पसरले गेले, एवढेच तो सांगतो. लोकांकडून किती मिनिटे आली हे मोजायला एककच ठरवले नव्हते. ज्याचे मोजमाप होत नाही त्याची वाढ होण्याची शक्यता कमी असते, हे प्रयोगशाळेत काम करणाऱ्याला अनुभवाने ठाऊक असते.

मुंबईची दुसरी वाहिनी याचाच आणखी एक नमुना. १९८५ मध्ये ती सुरू झाली ती शहरापुरती पर्यायी सेवा म्हणून. १९९३ मध्ये चार महानगरांच्या अशा वाहिन्या उपग्रहाने एकमेकींना जोडून ‘मेट्रो’ वाहिनी झाली. शहरासाठी काढलेले केंद्र पुन्हा जाळ्याचा तुकडा झाले.

दुसरीकडे काय केले गेले

‘हे असेच व्हायचे होते’ असे कोणी म्हणेल. तसे नव्हते, हे दोन उदाहरणांवरून दिसते.

पहिले उदाहरण अमेरिकेचे. तेथे दूरचित्रवाणीची मोठी जाळी आहेत, पण गावोगावची केंद्रे बहुतांशी त्यांच्या मालकीची नाहीत. ती स्वतंत्र परवाना असलेली, जाळ्याशी करार केलेली ‘संलग्न’ केंद्रे असतात. परवाना मिळतो तो त्या गावाच्या नावाने आणि त्या गावाच्या हितासाठी. रेडिओच्या काळातच, १९४१ मध्ये, तेथील संपर्क आयोगाने नियम केला की जाळ्याचा एखादा कार्यक्रम आपल्या लोकांना अयोग्य वाटला तर तो नाकारण्याचा हक्क स्थानिक केंद्राने करारात गमावता कामा नये. जाळ्यांनी न्यायालयात आव्हान दिले आणि १९४३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नियम उचलून धरला. पुढे १९७१ पासून मोठ्या शहरांतील संलग्न केंद्रांसाठी संध्याकाळच्या मोक्याच्या वेळेतील काही भाग जाळ्यांबाहेरच्या कार्यक्रमांसाठी राखणारा नियमही आला, तो १९९६ पर्यंत टिकला. घड्याळ वाटून घ्यायचे असते, ही समज तेथे कायद्यात आली.

याचा परिणाम सगळा गोड झाला असे मात्र नाही. मोकळ्या केलेल्या त्या वेळेत बऱ्याच केंद्रांनी स्वस्तातले विकतचे प्रश्नमंजुषेचे कार्यक्रम भरले. स्थानिक बातम्यांत गुन्हे आणि अपघात यांचीच गर्दी झाली. पुढे मोठ्या कंपन्यांनी डझनावारी केंद्रे विकत घेतली. म्हणजे घड्याळ हाती देऊनही डोळ्यावर खर्च करण्याची इच्छा नसेल तर उपयोग होत नाही. तरीसुद्धा वादळ येते तेव्हा तेथील गावाला आपल्या रस्त्याचे नाव घेऊन बोलणारे केंद्र असते, हा फरक लहान नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले, आणि म्हणून अधिक महत्त्वाचे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत ‘साइट’ हा प्रसिद्ध प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभा राहिला. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्रातील लोकांनी तो केवळ उपग्रहाचे कार्यक्रम उतरवण्यासाठी वापरला नाही. कॅमेरे घेऊन ते गावांत गेले. शेतमजुरी, अस्पृश्यता, दारू, गुरांचे आजार या विषयांवर त्याच जिल्ह्यातील माणसांना घेऊन, त्यांच्या बोलीत कार्यक्रम केले. सार्वजनिक संच गावागावांत बसवले, आणि कार्यक्रम कसा वाटला हे विचारायला समाजशास्त्रज्ञ पुन्हा गावात गेले. डोळा, घसा, घड्याळ हे तिन्ही अवयव एका जिल्ह्यापुरते एकत्र आले. १९८४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संपर्काचा पुरस्कार मिळाला. आणि १९८५ मध्ये हे केंद्र बंद करण्यात आले. जास्त शक्तीच्या केंद्रातून जिल्हा ‘आच्छादला’ जात असताना वेगळा प्रक्षेपक कशाला, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. आच्छादनाच्या मोजपट्टीवर ते बरोबरही होते. मोजपट्टीच चूक होती.

शिक्षकांना जवळचे उदाहरण

पुण्याच्या ‘बालचित्रवाणी’ची आठवण अनेक शिक्षकांना असेल. १९८४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे स्टुडिओ होता, कॅमेरे होते आणि प्राथमिक शाळेतील मुलांसाठी मराठीत कार्यक्रम करणारी माणसे होती. तिच्याकडे नव्हता तो स्वतःचा प्रक्षेपक आणि नव्हते स्वतःचे घड्याळ. कार्यक्रम लागायचे ते दूरदर्शनने दिलेल्या वेळेत. ती वेळ शाळेच्या वेळापत्रकाशी जुळली नाही, त्या दिवशी वीज गेली किंवा खोलीत संच नसला, तर कार्यक्रम कितीही चांगला असो, तो त्या मुलांसाठी झालाच नाही. पुढे वाहिन्या वाढल्या, साधने जुनी झाली, निधी आटला आणि २०१७ मध्ये संस्था बंद झाली.

लघुशक्ती प्रक्षेपकाकडे घसा होता आणि डोळा नव्हता. बालचित्रवाणीकडे डोळा होता आणि घसा नव्हता. एकाच दशकात, सरकारच्याच पैशाने, या दोन अर्ध्या गोष्टी शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या. एखाद्या जिल्ह्यात त्या दोघींची गाठ घालून रोज अर्धा तास द्यावा, हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते. पीजने ते करून दाखवले होते.

केबल आणि फोन

१९९० नंतर गावोगाव केबल आली. केबलवाल्याकडे एक व्हिडिओ प्लेअर, एक मॉड्युलेटर आणि तारेवर बसवलेले काही ॲम्प्लिफायर असत, आणि एवढ्यावर तो एक वाहिनी स्वतःची चालवू शकत असे. गणपती विसर्जन, शाळेचे स्नेहसंमेलन, नगरपालिकेची निवडणूक, दुकानाची जाहिरात हे सारे त्यावर आले. रूप ओबडधोबड असेल, पण गावाने स्वतःला पडद्यावर पाहिले ते बहुधा प्रथम येथेच. १९९५ च्या केबल कायद्याने नोंदणी आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे सक्तीचे केले. स्थानिक वाहिनीने किती मिनिटे स्थानिक काम करावे याबद्दल मात्र काही अपेक्षा ठेवली नाही. पुढे २०१२ ते २०१७ या काळात केबलचे टप्प्याटप्प्याने अंकीकरण झाले, तेव्हा संकेत मोठ्या शहरातील मोठ्या केंद्रातून येऊ लागला आणि गावची कंट्रोल रूम बव्हंशी त्याची शाखा झाली. घड्याळ पुन्हा गावाबाहेर गेले.

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये स्पष्ट सांगितले. त्यानंतर २००६ च्या धोरणाने सामुदायिक रेडिओचा मार्ग स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला, शक्ती साधारण १०० वॅटपर्यंत. म्हणजे जुन्या लघुशक्ती प्रक्षेपकाएवढीच ताकद, पण यावेळी मायक्रोफोनसह. तेथेही स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी मात्र नाही. दूरचित्रवाणीत तर जमिनीवरून प्रक्षेपण दूरदर्शनखेरीज कोणाला मिळालेच नाही. आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनने स्वतःचे बहुतेक सगळे जुने अनुरूप प्रक्षेपक बंद केले. ज्या घशांना कधी बोलू दिले नाही, ते शेवटी गप्पच झाले.

‘आता फोन आहे, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे’ असे कोणी म्हणेल. खरे आहे, डोळा आणि घसा आज फार स्वस्त झाला आहे. पनवेलसारख्या शहरातही फोनवरून स्थानिक बातम्या देणारे तरुण आहेत. पण घड्याळ त्यांच्या हाती नाही. त्यांची चित्रफीत कोणाला, कधी, कितव्या क्रमांकावर दिसेल हे दूरच्या कंपनीची गणनपद्धती ठरवते. ती पद्धती पाहणाऱ्याने किती वेळ डोळे खिळवले हे मोजते, त्याला त्या माहितीची गरज किती होती हे मोजत नाही. पुन्हा एक मोजपट्टी, पुन्हा तीच चूक.

यात बिघडले काय?

पनवेलचे उदाहरण घेऊ. सिडकोची स्थापना १९७० ची, वरळीचे केंद्र १९७२ चे. नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या प्रश्नावर झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मृत्यू पावले. भरपाई किती, पुनर्वसन कसे, खाडी बुजवल्यावर पाणी कुठे जाईल, मिठागरे आणि मासेमारी गेल्यावर करायचे काय, हे सगळे प्रश्न रोज अर्धा तास बोलण्यासारखे होते. त्यांत भूगोल होता, जलविज्ञान होते, अंकगणित होते. असे बोलायला त्या मुलखाचे स्वतःचे केंद्र नव्हते. आज पनवेल महानगरपालिका आहे, २०१६ पासून. शेजारी विमानतळ झाला. प्रश्न संपलेले नाहीत, वाढले आहेत.

आणखी एक उदाहरण. १९ जुलै २०२३ च्या रात्री, पनवेलपासून फार दूर नसलेल्या खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले. दुसऱ्या दिवशी सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे तेथे होते. स्थानिक केंद्र असते तर दरड कोसळली नसती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण हवामानखात्याचा इशारा जिल्ह्याला मिळतो आणि दरड वाडीवर पडते. जिल्हा आणि वाडी यांच्यामधले अंतर कोणीतरी रोजच्या बोलण्याने भरावे लागते. कोणत्या उतारावर माती सैल आहे, किती पाऊस झाला की रात्री वर थांबू नये, कोणत्या शाळेत निवारा आहे, हे दुर्घटनेच्या दिवशी सांगून उपयोग नसतो. ते अनेक पावसाळे सांगत राहावे लागते. ज्याच्याकडे स्वतःची वेळ आहे असे जवळचे केंद्रच ते करू शकते. देशभर पसरलेल्या वाहिनीला एका वाडीच्या उतारासाठी रोज पाच मिनिटे देणे परवडणार नाही, आणि तिने ती द्यावीत असेही नाही.

म्हणून मुंबई दूरदर्शनच्या पन्नास वर्षांबद्दल माझा निष्कर्ष असा. केंद्र म्हणून पहिल्या दशकात त्याने मराठी समाजाला बरेच दिले. जाळ्याचा भाग झाल्यावर त्याचा आवाका वाढला आणि स्वभाव हरवला. पनवेलसारख्या गावाला त्याने उत्तम चित्र दिले, पण चित्रात जागा दिली नाही. दोष एखाद्या अधिकाऱ्याचा किंवा निवेदकाचा नाही. तो आराखड्याचा आहे, आणि आराखडे बदलता येतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

हे सगळे विद्यार्थ्यांना व्याख्यानाने सांगण्यापेक्षा मोजून दाखवावे. एक आठवडा निवडावा. वर्गाचे गट करावेत आणि प्रत्येक गटाने एक मराठी वाहिनी रोज संध्याकाळी अर्धा तास पाहावी. शेजारी घड्याळ ठेवून तीनच रकाने भरावेत. आपल्या तालुक्याबद्दल किती मिनिटे, राज्याबद्दल किती, उरलेले किती. एक गट सह्याद्री वाहिनीच्या बातम्या घेईल, एक खासगी वृत्तवाहिनी घेईल, आणि एक गट फोनवर येणाऱ्या स्थानिक चित्रफिती घेईल. आठवड्याच्या शेवटी स्तंभालेख काढावा. दुसऱ्या भागात मुलांनी आपल्या तालुक्यासाठी पंधरा मिनिटांचे वार्तापत्र लिहून काढावे. विहिरींची पातळी, एसटीच्या वेळा, तापाची साथ, पिकावरची कीड, ग्रामसभेचा विषय. मग विचारावे, यातल्या किती गोष्टी तुम्ही पाहिलेल्या अर्ध्या तासांत होत्या?

भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी सोबत ४.१२ चे सूत्र द्यावे आणि आपल्या गावाजवळच्या टेकडीवर ३० मीटरचा मनोरा उभारला तर किती गावे क्षितिजात येतील हे नकाशावर कंपासने आखायला सांगावे. सपाट जमिनीवर उत्तर साडेबावीस किलोमीटर येते, आणि टेकडीची उंची धरली की ते वाढते. बहुतेक तालुके एवढ्यात मावतात. मनोरा काढणाऱ्या मुलांना मग पायथ्याची खोलीही काढायला सांगावी, आणि त्या खोलीत कॅमेरा कुठे, माणूस कुठे आणि घड्याळ कोणाकडे, हेही दाखवायला सांगावे.